गरोदरपणात या चुका टाळा: मिश्री, रंगाचा वास आणि परस्पर बंद केलेल्या गोळ्या

ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजेच पाळी चुकल्याचे लक्षात येऊन चाचणी करेपर्यंत हे काम बहुतेक उरकत आलेले असते. त्यामुळे 'सोनोग्राफी झाली की काळजी घेऊ' हा हिशेब मुळातच उशिराचा आहे. मूल हवे असे ठरताच डॉक्टरांना विचारून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर ते गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी थांबलेले असावे.

कळवा-दिघ्याकडच्या वस्त्यांत 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारी बाई सकाळी डबीतली मिश्री हिरड्यांवर चोळत असते, आणि तिच्या दृष्टीने ते खोटे नसते. परंतु मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आढळली आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूतीही अधिक दिसली. तेव्हा तपासणी करणाऱ्यांनी मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे.

उलवे किंवा घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये रंगकाम संपण्याआधीच राहायला जाणे टाळावे, कारण कापडी मास्क थिनरच्या वाफा अडवत नाही. घरातील कोणी बॅटरीच्या कारखान्यात असेल, तर शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि शिसे वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. ते कपडे वेगळे धुवावेत.

कंबरदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेले आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकते. याच्या उलट चूक मात्र मला अधिक घातक वाटते: सासू-शेजारणींच्या आग्रहाखातर फिट्सच्या, थायरॉइडच्या किंवा दम्याच्या गोळ्या अचानक सोडणे. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएट या औषधामुळे बाळात व्यंग येण्याचा धोका खरा आहे, तरीही ते बदलायचे ते डॉक्टरांनीच, कारण अनावर झटका आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. पहिल्या भेटीला चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक पुड्यांसह, पिशवीत घालून न्यावीत.