मैत्रिणीचा फोटो बघून सॉफ्ट पेस्टल करायचंय? मग हे करून बघा

मला मैत्रिणीने काढलेला कोकणकड्याचा फोटो इतका आवडला की रंगवल्याशिवाय राहवेना. संध्याकाळची वेळ, दरीत नुसतं धुकं आणि त्यातून अर्धाच बाहेर आलेला कडा. धुकं पेस्टलमध्ये फार सुंदर येतं हो. सॉफ्ट पेस्टल म्हणजे शाळेतले तेलकट खडू नाहीत, हे भुरभुरीत असतात, बोटाने पसरतात.

आधी तिला विचारा, रंगवू का म्हणून. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नुसता पाठवला की कॉम्प्रेस होतो आणि सावलीतले बारकावे जातात. आणि हेही विचारा की नेमकं काय बघून मोबाईल बाहेर काढलास. माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, उजवीकडच्या कपारीवर एकदम ऊन आलं ना, ते!" मी त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं! मग तेवढाच भाग क्रॉप केला आणि चित्राचा जीव तिथेच ठेवायचा हे ठरलं.

आता फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, गडद, मध्यम, फिकट कुठे आहे ते लगेच कळतं. कागद खरखरीत हवा, गुळगुळीत कागदावर खडू धरतच नाही. मी राखाडी घेतला, म्हणजे धुक्याचा मधला टोन फुकटात मिळाला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोबाईलच्या फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात, डोळ्यांना तिथे रंग दिसत असतात, त्यामुळे काळा खडू बाजूलाच ठेवा. मी कड्यावर आधी गडद निळा आणि जांभळा लावला, वरून हलक्या हाताने काळपट हिरवा, आणि खालचा जांभळा मधूनमधून दिसू दिला, तेव्हा कुठे तो दगड ओला वाटायला लागला. कडक खडू आधी, मऊ नंतर, गडद आधी, फिकट शेवटी. सुरुवातीलाच दाबून लावलंत तर कागदाचे खळगे भरतात आणि पुढचा रंग बसत नाही.

धुक्यासाठी फिकट राखाडी खडू आडवा धरून फिरवा आणि कड्याची कड खालच्या बाजूला बोटाने एकदाच पुसून घ्या, एकदाच हं, घासत बसलं की रंग मळतो.

फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, मारलं की फिकट रंग दबतात, म्हणून मी ते आधी खिडकी उघडून हलकंसं मारलं, वाळू दिलं आणि मग उन्हाचा फिकट केशरी एका फटक्यात लावला. त्याला नंतर हात लावला नाही.

भुकटी फुंकू नका, नाकातोंडात जाते, बोर्ड उभा करून मागून टिचकी मारा. मैत्रिणीला चित्र द्यायचं असेल तर वर बटर पेपर ठेवा आणि फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगा, काच रंगाला टेकता कामा नये.