तलावाकाठचं गार्डन मे च्या दुपारी अन् ऑगस्टच्या झडीतही चालायला पाहिजे, त्यासाठी काय काय करावं लागते

आमच्या लेआउटच्या मागे एक छोटा तलाव आहे अन् त्याच्या पाळीला लागून गार्डन. नागपुरात असे बरेच आहेत अन् सगळ्यांची गत जवळपास सारखीच, डिसेंबर-जानेवारीत बसायला जागा मिळत नाही, एप्रिल लागला की सकाळी आठनंतर चिटपाखरू दिसत नाही, अन् पावसाळ्यात चिखल, शेवाळ, डास आणि गेटला कुलूप. म्हणजे चार महिने वापर अन् आठ महिने नुसतं सांभाळणं. आम्ही वस्तीतले काही जण गेली काही वर्षं याच्या मागे लागलो आहोत, त्यातून जे कळलं ते लिहून राहिलो, कारण आता जिकडे तिकडे तलाव सुशोभीकरणाचे प्रस्ताव बनतात अन् सुरुवातच कारंजं, सेल्फी पॉइंट आणि रंगीत लाइटपासून होते. कृपा करून तिथून सुरू करू नका. पहिले पाणी, मग सावली, मग बाकीचं सगळं.

त्याच्याही आधी कागद. जागा कोणाची हे पक्कं माहीत असल्याशिवाय एक कुंडीसुद्धा ठेवू नका. पाणी एकाचं, पाळ दुसऱ्याचं, गार्डन तिसऱ्याचं असं नागपुरात होते, मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), पाटबंधारे, कुठे कृषी विद्यापीठ. सिटी सर्व्हे ऑफिसमधून आखीव पत्रिका (म्हणजे प्रॉपर्टी कार्ड) काढा, सातबारा असेल तर तोही, अन् मिळत नसेल तर सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मनपाचे दहा झोन आहेत, आपला झोन कोणता ते बघून तिथल्या उद्यानवाल्यांना आणि आरोग्यवाल्यांना पहिल्याच दिवसापासून सोबत घ्या. तलाव २०१७ च्या पाणथळ नियमांत मोडत असेल तर गेल्या १० वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, बोटीच्या धक्क्याशिवाय, पक्कं बांधकाम करता येत नाही, हे ड्रॉइंग बनवायच्या आधी विचारा, नंतर नाही. झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते अन् ५० वर्षांच्या वरचं झाड तर आता वारसा वृक्षच, ते वाचवूनच रस्ता वळवायचा.

अन् एक गोष्ट हमखास राहून जाते, तलावात ढीवर समाजाची सोसायटी मासेमारी किंवा शिंगाडे करते का ते विचारा. करत असेल तर मीटिंगला पहिली खुर्ची त्यांची. आमच्याकडे जाळं टाकणारे एक काकाजी आहेत, पाणी कुठून येते, कुठे खोल आहे, कोणत्या कोपऱ्यात गाळ साचते हे त्यांनी पाळीवर बसल्या बसल्या काडीने मातीत काढून दाखवलं, अन् नंतर मोजमाप झालं तेव्हा ते चित्र बरोबरच निघालं.

आता मुख्य काम. एक पूर्ण वर्ष काही बांधू नका, फक्त बघा. हे ऐकून लोक चिडतात, निधी परत जाईल म्हणतात, मला ती घाई कळते, पण हे वर्ष वाया जात नाही. पावसाळ्यात जोराची झड लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाणी जिथवर आलं होतं तिथे भिंतीवर, झाडाच्या खोडावर ऑइल पेंटची रेघ मारा, तारीख टाका. मे मध्ये रांगोळी घेऊन जा. खरंच, साधी पांढरी रांगोळी. सकाळी ११ पासून ५ पर्यंत दर तासाला प्रत्येक मोठ्या झाडाच्या सावलीची कड जमिनीवर काढायची. आमच्या इथे शेजारच्या काकू अन् त्यांची नातवंडं हे करत होते. संध्याकाळी वरून बघितलं तर ज्या तुकड्यावर सगळ्या रेघा एकमेकींवर चढल्या होत्या, म्हणजे दिवसभर सावली होती, तिथे एकही बेंच नव्हता, अन् सगळे बेंच नेमके उन्हात, पाण्याकडे तोंड करून एका ओळीत! ज्याने लावले त्याने जानेवारीत लावले असतील.

पाण्याचं बोलू. तलाव घाण असेल तर त्याच्या काठाला सोन्याचे बेंच लावले तरी कोणी बसत नाही, वास येतो म्हणून. कारण बहुतेक वेळा एकच, वरच्या वस्तीतली गटर लाईन पावसाळी नालीला जोडलेली असते अन् ती नाली तलावात. भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना, सगळ्या नाल्यांची तोंडं बघत फिरा. एप्रिल-मे मध्ये ज्या नालीतून पाणी वाहून राहिलं ते पावसाचं असूच शकत नाही. फोटो, तारीख, जागा, झोनला अर्ज. ही लाईन तुटून मुख्य गटरला जोडली जाईपर्यंत बाकी खर्च थांबवा. थोडं पाणी तरीही येतच असेल अन् जागा असेल तर मुखाशी पाणवनस्पतींचा पट्टा करता येतो, आपल्या नागपूरच्याच नीरीचं (राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं) फायटोरिड नावाचं तंत्र आहे, गिट्टीच्या थरात कर्दळ, पाणकणीस वगैरे लावून त्याच्या मुळांतून सांडपाणी पास करायचं, वीज जवळपास लागत नाही.

पाणी तपासायला देताना नमुना पहाटे घ्या, उजाडायच्या आधी. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडते म्हणून दुपारचा रिपोर्ट छान दिसते, रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन ओढते, म्हणून मासे पहाटे मरतात. आंघोळीच्या पाण्याचा मापदंड विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम अन् बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तो आकडा) ३ च्या आत असा आहे, आपल्याला आंघोळ करायची नसली तरी तो आकडा डोळ्यासमोर ठेवा. जलपर्णी दिसली की त्याच आठवड्यात काढायची, दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, अन् काढून काठावरच ढीग लावायचा नाही, सडून परत पाण्यातच जाते. गाळ काढायचा तो मे मध्ये, पण तळाची चिकणमाती खरवडू नका, तीच पाणी धरून ठेवते.

सांडवा, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट. याच्यावर मी थोडं जास्त बोलणार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते नागपूरकराला सांगायची गरज नाही, काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं, लोकांचे जीव गेले. अंबाझरी १८७० चा, शहराला पाणी द्यायला बांधलेला, अन् तेव्हापासून आतापर्यंत त्याच्या खाली पूर्ण शहर वसलं. आपला तलाव छोटा असला तरी हिशोब तोच आहे, १ हेक्टरवर १०० मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी, अन् ते कुठूनतरी जाणारच. म्हणून सांडव्यावर, त्याच्या समोर, त्यातून निघणाऱ्या नालीवर काहीही बांधायचं नाही, पुतळा नाही, चबुतरा नाही, स्टॉल नाही, पार्किंग नाही. कोणी कितीही मोठा माणूस सुचवो. गार्डनचा जो भाग पावसाळ्यात मारलेल्या ऑइल पेंटच्या रेघेच्या खाली येते तिथे फक्त गवत, मैदान, पायऱ्या, म्हणजे वर्षातून दोनदा बुडालं तरी काही बिघडणार नाही. पंपाची मोटर, लाइटचे बॉक्स, चौकीदाराची खोली, संडास, हे सगळं रेघेच्या वर.

काठाला उभी सिमेंटची भिंत नको. लेकरू पडलं तर चढायला काही नसते, अन् पक्ष्यांनाही उतरायला जागा राहत नाही. तिरपं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, तीन फूट आडवं तर एक फूट उतार असं, अन् एक बाजू पूर्ण मातीची, गवताची सोडून द्या, तिथे माणसाने जायचंच नाही.

रस्ता करताना काळ्या मातीला विसरू नका. पश्चिम नागपुरात खाली काळीच माती आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. आमच्या इथे ठेकेदाराने त्याच्यावर थोडी चुरी पसरवून पेव्हर बसवले, पहिल्या पावसाळ्यात वॉकिंग ट्रॅक लाटांसारखा झाला, अन् एक आजी अडकून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. काळी माती पूर्ण निघून जाईपर्यंत खोदायचं, मुरूम थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून भरायचं, मग वरचं काम. रोलर फिरताना स्वतः उभं राहा, फोटो काढा. वरचा थर गुळगुळीत टाइलचा नको, झडीत शेवाळ धरते. चढ असेल तिथे १ फूट उंचीला १२ फूट लांबीचा रॅम्प, म्हणजे व्हीलचेअरही जाईल अन् बाबागाडीही.

आता उन्हाळा, खरी परीक्षा तीच. मे २०१३ मध्ये इथे तापमान ४७.९ गेलं होतं अन् डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ पर्यंत खाली आलं, तो एकच बेंच दोन्ही वेळा बसायच्या लायकीचा पाहिजे. लोखंडी बेंच उन्हात चटका देते, गर्द सावलीत दगडी कट्टा सगळ्यात चांगला. मे च्या शेवटी सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असते म्हणून बाजूला झाड असून उपयोग नाही, फांदी बेंचच्या वर यायला पाहिजे. तीननंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं येते, म्हणून पश्चिमेला दाट झाडं, पण खोडं माणसाच्या उंचीपर्यंत मोकळी, पाण्यावरून येणारा वारा खालून आत आला पाहिजे. हिवाळ्यासाठी दोन-तीन बसायच्या जागा दक्षिणेला पूर्ण उघड्या ठेवा, डिसेंबरचं ऊन दक्षिणेकडूनच कलतं येते, म्हाताऱ्या माणसांना तेच पाहिजे असते.

झाडं कोणती? काठाला अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, वर कोरड्या जागी कडुनिंब, चिंच, मोह, बहावा. गुलमोहर दिसायला सुंदर पण वादळात फांदी मोडते, बसायच्या जागेवर नको. कोनोकार्पस (ते बाहेरून आणलेलं शोभेचं झाड) तर नकोच. अन् ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटोसाठी लावू नका हो. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला कुठे येते, तोवर रोप वाळते, आमची पहिली पूर्ण रांग अशीच गेली. दोन चांगले पाऊस होऊ द्या, मग लावा, अन् पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याची नावं रोप लावायच्या आधी लिहून घ्या. लॉन कमीत कमी ठेवा, १००० चौरस मीटर लॉनला दिवसाला ५ मिमी धरलं तरी ५००० लिटर म्हणजे रोज एक टँकर लागते, मे मध्ये हे कुठून आणणार?

पावसाळ्यासाठी एक तरी मोठं छप्पर पाहिजे, चारही बाजूंनी उघडं. टिनाचं नको, उन्हाळ्यात तापते अन् पावसात आवाजाने बोलता येत नाही, मातीच्या कवेलूचं करा. पागोळ्यांखाली गिट्टीची नाली काढा. आमचं झालं तेव्हापासून ज्येष्ठांची योगाची बॅच झडीतही बंद पडत नाही. गेटशी भुट्टेवाली मावशी, चहावाला यांना ठरवून जागा द्या, हाकलू नका, लोक असले की सगळ्यांनाच बरं वाटते.

बायका येतात की नाही हे दोन गोष्टींवर ठरते, संडास अन् लाइट. संडास पाण्यापासून दूर, गटर लाईनला जोडलेला, रस्त्यावरून दिसणारा, आत पाणी अन् कडी. लाइट कमी उंचीचे, पिवळसर, खाली पडणारे, पाण्यावर झोत टाकायचे नाही, पाखरं गोळा होतात अन् पक्ष्यांची झोप जाते. अन् वेळ! उन्हाळ्यात गार्डन पहाटे ५ ला उघडलं अन् रात्री साडेदहापर्यंत चालू ठेवलं की अर्धं काम फुकटात होते. दुपारी कुलूप लावायची पद्धत बंद करायला लावा.

सण आधीच नकाशात बसवा. गणपतीला कृत्रिम टाकं कुठे येईल, ट्रक कुठून वळेल, निर्माल्य कुठे जमा होईल, छठला बायका पाण्याशी कुठून उतरतील, तान्ह्या पोळ्याला लेकरं नंदी घेऊन कुठे जमतील. त्यासाठी एक पक्कं मोकळं अंगण ठेवा, बाकीचे दिवस पोरं तिथे क्रिकेट खेळतील.

टेंडरमध्ये दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती आहे ते वाचा, देखभालही त्यातच किमान तीन वर्षं टाकायला लावा, अन् त्यात जून लागायच्या आधी सांडवा अन् नाल्यांच्या जाळ्या साफ करणं नाव घेऊन लिहा. नुसतं देखभाल लिहिलं तर झाडू मारण्यावर भागवतात.

शेवटचं, चौकीदाराच्या खोलीत एक रजिस्टर ठेवा. महिन्यातून एक दिवस ठरवून, सकाळी ६, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री ९, गार्डनमध्ये किती माणसं, किती बायका, किती लेकरं, एवढंच. पुढच्या वेळी निधी मागताना हेच पान दाखवायचं. आमचा दुपारी दोनचा रकाना आधीचे उन्हाळे रिकामाच होता. या मे मध्ये त्यात एक ऑटोवाला, डब्बा खाणारी दोन डिलिव्हरीवाली पोरं अन् बाजूच्या साइटवरची एक बाई, करंजाखाली लेकराला झोळी बांधून बसलेली, असं चौकीदाराच्या अक्षरात लिहिलेलं आहे.