कॉलेजची फी: आधी माफी, मग भत्ता, उरेल तेवढंच कर्ज

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या अनेक घरांत पहिला प्रश्न येतो, "कर्ज कोणत्या बँकेतून काढायचं?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी बघायचं ते सरकार किती फी माफ करतं, मग राहण्या-जेवण्याचा भत्ता मिळतो का, आणि एवढं करून जी रक्कम उरेल तेवढ्यापुरतंच बँकेत जायचं. क्रम उलटा झाला की जी फी भरायचीच नव्हती तिच्यावरही व्याज भरत बसावं लागतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. काटोलचं एक ओबीसी कुटुंब आहे, वार्षिक उत्पन्न ६ लाख. मुलाला हिंगणा रोडवरच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) जागा मिळाली. शिक्षण शुल्क १,००,०००, विकास शुल्क १०,०००. मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी प्रतिपूर्ती मिळते, म्हणजे घरातून जातात ६०,०००. त्याच कॉलेजात, त्याच शाखेत त्याच्या बहिणीला जागा मिळाली तर घरातून फक्त १०,००० जातील. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस यांना ही माफी लागू नाही. आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली किंवा खासगी अभिमत वा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेलात, तर यातला एक रुपयाही मिळत नाही. फॉर्म भरताना "मोठं नाव" बघून विद्यापीठ निवडणाऱ्यांनी हा फरक चार वर्षांच्या फीने गुणून बघावा.

कागद एप्रिलपासून

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून अर्ज करायचा. शहरातल्यांचा नागपूर शहर तहसीलमध्ये जातो, बाकीच्यांचा आपापल्या तालुक्याला. शेतकऱ्याच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो आणि वेळ जातो तो तिथेच, त्यामुळे सातबारा घेऊन आधी तलाठ्याला भेटा. नोकरदारांना फॉर्म १६ लागतो. दाखला नव्या आर्थिक वर्षातला हवा, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला. फेब्रुवारीत घाईने काढून ठेवलेला ३१ मार्चला संपतो आणि जूनमध्ये पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

ओबीसी घरांत एक गैरसमज हमखास आढळतो: नॉन-क्रिमिलेअर आहे म्हणजे उत्पन्नाचा दाखला नको. दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात. नॉन-क्रिमिलेअरने आरक्षणाची जागा मिळते, तर फीची सवलत उत्पन्नाच्या दाखल्यावरच्या आकड्यावर ठरते.

जात वैधता प्रमाणपत्र मात्र एप्रिलपर्यंतही थांबवू नका. अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे प्रकरण टाका. जुने पुरावे शोधायला आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुक (गावातली जुनी जन्म-मृत्यू नोंदवही), महसुली नोंदी अशी भटकंती करावी लागते. एकाही कागदात आडनावाचं किंवा जातीचं लेखन वेगळं निघालं की त्रुटी निघते आणि महिने जातात.

खातं: अर्ज मंजूर, पैसे गायब

शिष्यवृत्तीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. ते आधार क्रमांकावर जातात आणि त्या आधारला त्या वेळी जे खातं सरकारी अनुदानासाठी जोडलेलं असेल त्यात पडतात. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली राहते, शेवटी जोडली ती. नवं सिम घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर शिष्यवृत्ती गुपचूप तिथे जाऊन बसते आणि घरचे स्टेट बँकेचं पासबुक भरून आणत राहतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करा आणि बँक सीडिंग स्टेटस (आधारला कोणती बँक जोडली आहे ते) उघडा. तिथे बँकेचं नाव, खातं सक्रिय आहे की नाही आणि शेवटचा बदल कधी झाला हे दिसतं. नको ती बँक दिसली तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असा संमतीचा फॉर्म भरा. नुसतं "आधार लिंक करून द्या" म्हणाल तर केवायसीपुरतं लिंक करून देतात आणि काम तसंच राहतं. फॉर्म दिल्यावर काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा.

शाळेत असताना उघडलेलं खातं चालवणार असाल तर आणखी एक बघा. अठरा पूर्ण झाल्यावर अज्ञान (अल्पवयीन) खात्याची केवायसी नव्याने करावी लागते, नाहीतर व्यवहार थांबतात. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षाला एकूण १ लाखापर्यंतच जमा होऊ शकतं आणि शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही. मोठा हप्ता आला की अडचण येऊ शकते. पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं करून घ्या.

कोणाला कोणती योजना

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना २.५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. हे घरात आधीच सांगून ठेवा. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की ती दुसऱ्या नडीला वापरली जाते आणि मग परीक्षेच्या तोंडावर कॉलेज फॉर्म अडवून धरतं.

ओबीसी मुलांना निम्मं शिक्षण शुल्क, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: उत्पन्न ८ लाखांपर्यंत, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शुल्क, एका कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत. हे सगळे अर्ज महाडीबीटीवर होतात.

व्हीएनआयटीचा, म्हणजे नागपुरातल्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा (एनआयटी), हिशेब वेगळा. एनआयटीत बी. टेक.चं शिक्षण शुल्क वर्षाला १,२५,०००. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ते पूर्ण माफ. बाकीच्यांत १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण माफी, १ ते ५ लाखांना दोन तृतीयांश. ही माफी संस्थाच देते, त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच उत्पन्नाचा दाखला हातात हवा.

केंद्राच्याही योजना आहेत. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) प्रगती योजनेत पदवी-पदविकेला पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,०००. दिव्यांगांसाठी तशीच सक्षम. बी. एस्सी., बी. कॉम.ला जाणाऱ्या हुशार मुलांसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती: बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत, पदवीला वर्षाला १२,०००. पण दुसरी शिष्यवृत्ती घेतली तर ती मिळत नाही. अनुदानित तुकडीत फी थोडीच असते, तिथे हे १२,००० जास्त उपयोगाचे. इंजिनिअरिंगला राज्याची फीमाफीच घ्या.

महाडीबीटीवर अर्ज भरताना चुका ठरलेल्या असतात. दाखल्याचा बारकोड क्रमांक जसाच्या तसा टाका. कॅपचा अर्ज क्रमांक बरोबर द्या. कॉलेज निवडताना सारखी नावं नीट वाचा. एकाच संस्थेची दोन-तीन कॉलेजं असतात आणि चुकीच्या कॉलेजकडे गेलेला अर्ज कोणी उघडतच नाही. अर्ज भरून झाला की प्रिंट कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या आणि पोच घ्या. आधी कॉलेज तपासतं, मग विभाग. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा, कारण अर्ज त्रुटीसाठी परत आला की मुदत आपल्यालाच पाळायची असते.

राहणं आणि जेवण

गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून येणाऱ्यांना फीपेक्षा खोलीभाडं आणि मेस जड जाते. शासकीय वसतिगृहाचा अर्ज प्रत्येकाने करावाच. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूर त्यात मुंबई-पुण्याच्या गटात येतं, म्हणून वर्षाला ६०,०००: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. उत्पन्न २.५ लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी स्थानिक रहिवासी नसावा. भाडेकरार मागतात, तेव्हा खोली घेतानाच घरमालकाशी बोलून घ्या. नंतर करार द्यायला बरेच मालक तयार होत नाहीत. याच धर्तीवर अनुसूचित जमातींसाठी स्वयम योजना आणि ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघावा. भत्ता उशिरा येतो. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं हाताशी असेल असंच नियोजन करा.

आता कर्ज

फीमाफी आणि भत्ता वजा करून उरलेली रक्कम चारही वर्षांची एकदम मांडा. बँक मंजुरी पूर्ण अभ्यासक्रमाची देते, पैसे मात्र दरवर्षी थेट कॉलेजला पाठवते. शिक्षण शुल्काबरोबर वसतिगृह, पुस्तकं आणि लॅपटॉपही कर्जात बसतात. अर्जातच लिहा, मागाहून वाढवून मिळणं कठीण.

बँकांच्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही आणि तारणही लागत नाही. त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आपले. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी असते, तेव्हा शाखेत कोणी घराचे कागद मागितले तर "पतहमी योजनेत घ्या" असं स्पष्ट सांगा. पालक सहकर्जदार असतात, म्हणून आईवडिलांचा सिबिल अहवाल (आधीच्या कर्जफेडीची नोंद) मे महिन्यातच काढून बघा. ट्रॅक्टरचं किंवा गाडीचं थकलेलं कर्ज, तडजोडीत मिटवलेलं पीककर्ज हे सगळं तिथे दिसतं. थकबाकी भरली असेल तर बँकेचं नो ड्यूज पत्र जोडा.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत (सुरुवातीला ८६०) गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. केंद्र सरकारच्या संस्था या यादीत येतात, त्यामुळे व्हीएनआयटी आणि मिहानमधल्या एम्सच्या विद्यार्थ्यांनी पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करावा. यादी दरवर्षी बदलते. खासगी कॉलेजवाल्यांनी आपलं कॉलेज त्यात आहे का ते बघून घ्यावं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात (हप्ते सुरू होण्याआधी) ३ टक्के व्याज सरकार भरतं. ४.५ लाखांच्या आतल्यांना मान्यताप्राप्त संस्थांतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातलं पूर्ण व्याज माफ होतं. शाखा हे आपणहून सांगेलच असं नाही. उत्पन्नाचा दाखला देऊन व्याज सवलतीचा दावा टाकायला लावा.

सवलतीचा काळ म्हणजे अभ्यासक्रम आणि पुढे १ वर्ष. हप्ता नसला तरी व्याज चालू असतं. समजा दरवर्षी सुरुवातीला १ लाख उचलले, दर १० टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. एकूण सरळव्याज १,४०,०००. हप्ते सुरू होताना कर्ज ४ लाखांचं ५,४०,००० झालेलं असतं आणि दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता साधारण ७,१४० रुपये बसतो.

हेच व्याज दर महिन्याला भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, पुढे ३,३३३. भरले तेच १,४०,०००, पण मुद्दल ४ लाखच राहतं आणि हप्ता साधारण ५,२९० वर येतो. दहा वर्षांत हप्त्यांमध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास फरक पडतो. शिवाय शिक्षणाच्या काळात व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. पहिल्या वर्षाचे ८३३ रुपये ज्यांना झेपतात त्यांनी तेवढं तरी सुरू करावं. ज्यांचं व्याज सरकार भरणार आहे त्यांना अर्थातच याची गरज नाही.

कर्ज मंजूर झाल्यावर फीमाफीही मिळाली तर लगेच बँकेला कळवा. कॉलेजकडून परत मिळणारी रक्कम कर्जखात्यात जमा करा, बचत खात्यात राहू देऊ नका. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो.

शाखेने तोंडी नाही म्हटलं तर लेखी कारण मागा. "तुम्ही आमच्या हद्दीत राहत नाही" या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना सांगितलं आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. दरम्यान कॉलेजची मुदत जवळ आली असेल तर बँकेकडे अर्ज केल्याची पोच दाखवून कॉलेजकडे फीला लेखी मुदतवाढ मागा.

दुसऱ्या वर्षापासून महाडीबीटीवर नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करायचा असतो, तो आपोआप होत नाही. कर्जाची पुढच्या वर्षाची रक्कम मिळण्यासाठी बँकेत मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि चालू वर्षाचं फीपत्रक द्यायचं. नोकरी लागल्यावर फेडीतल्या व्याजाची आयकरात कलम ८०ई खाली ८ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. पहिल्या पगाराच्या वेळी कंपनी कोणती प्रणाली हवी ते विचारते, तेव्हा वर्षाचं व्याज किती आहे ते बँकेच्या प्रमाणपत्रावरून बघून मग उत्तर द्या.