प्राचीन ग्रीसच्या राजकारणाबद्दल, युद्धांबद्दल वाचताना-लिहिताना या चुका टाळा

मराठीत प्राचीन ग्रीसवर बरंच लिहिलं जातं. लोकशाहीचा जन्म, थर्मोपिलीचे तीनशे वीर, मॅरेथॉनची धाव, अलेक्झांडर आणि पोरस हे विषय वाचकांना आवडतात आणि आवडावेत असेच आहेत. पण एका लेखातली चूक दुसऱ्यात उतरते, दुसऱ्यातली व्हिडिओत जाते, आणि काही वर्षांनी तीच इतिहास म्हणून सांगितली जाते. या चुकांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. ‘ग्रीक लोक असं करत’ असं वाक्य लिहिताना आपण तीन प्रश्न विचारत नाही: कुठल्या शहरातले लोक, कुठल्या दशकातले, आणि हे आपल्याला सांगतंय कोण?

‘ग्रीस’ हा एक देश होता असं धरून चालणं

इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीस नावाचं राज्य नव्हतं. हजाराच्या आसपास नगरराज्यं होती. प्रत्येकाचे कायदे वेगळे, पंचांग वेगळं, अनेकांची नाणीही वेगळी. आणि ती सगळी आजच्या ग्रीसच्या हद्दीत नव्हती. मायलीटस, इफेसस, हॅलिकार्नासस आजच्या तुर्कस्तानात आहेत, सिरॅक्यूज इटलीच्या सिसिलीत, सायरीनी लिबियात, तर फ्रान्समधलं मार्सेय हेही ग्रीकांनीच वसवलेलं. आजचा नकाशा समोर ठेवून वाचायला बसलात की पहिल्याच प्रकरणात वाट चुकते.

यातूनच ‘ग्रीक विरुद्ध पर्शियन’ ही दुसरी चूक होते. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस चालून आला तेव्हा थेसलीने त्याच्याशी जुळवून घेतलं. थर्मोपिलीची खिंड पडल्यावर थीब्ज उघडपणे त्याच्या बाजूला गेलं. सॅलमिसच्या आरमारी लढाईत पर्शियन ताफ्यात आयोनियाच्या ग्रीक शहरांची जहाजं होती. हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया झर्क्सीसच्या बाजूने लढली, आणि या युद्धाचा इतिहास लिहिणारा हेरोडोटस त्याच हॅलिकार्नाससचा.

पुरावा हवा असेल तर इस्तंबूलला आजही उभा असलेला सर्पस्तंभ पाहा. विजयानंतर ग्रीकांनी डेल्फीच्या देवस्थानाला वाहिलेला हा कांस्यस्तंभ, एकमेकांना वेढलेल्या तीन सापांचा. त्याच्या वेटोळ्यांवर पर्शियाविरुद्ध लढलेल्या शहरांची नावं कोरली आहेत, ती आहेत ३१. हजारातली ३१! अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीस आणखी एक गोष्ट सांगतो. स्पार्टाचा सेनानी पॉसेनियस याने आधी या स्मारकावर ‘हे मी जिंकून वाहिलं’ अशा अर्थाच्या ओळी कोरून घेतल्या होत्या. स्पार्टाने त्या खोडायला लावल्या आणि शहरांची नावं घातली. कोणाचं नाव लागावं, हा वाद लढाई संपताच सुरू झाला होता.

दुरुस्ती सोपी आहे. वाक्यातला ‘ग्रीकांनी’ हा शब्द काढून तिथे शहराचं नाव लिहून बघा. नाव सापडलं नाही, तर ते वाक्य तुमच्याकडे अजून पुराव्यानिशी आलेलं नाही.

सालांचा घोळ

इ.स.पू.ची सालं उलटी मोजायची असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही ‘इ.स.पू. ४९० च्या आधी, म्हणजे ४८० मध्ये’ अशी वाक्यं छापून येतात. दुसरी अडचण शून्याची. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणून मॅरेथॉनच्या लढाईला (इ.स.पू. ४९०) अडीच हजार वर्षं २०११ मध्ये पूर्ण झाली. सोहळे मात्र २०१० मध्ये साजरे झाले, खुद्द ग्रीसमध्येसुद्धा. तेव्हा आपण बेरीज करताना एक वजा करायला विसरू नये.

आणि ‘५०८/७’ असं तिरपी रेघ मारलेलं साल दिसलं तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. अथेन्सचं वर्ष उन्हाळ्याच्या मध्यावर सुरू होई आणि त्या वर्षीच्या आर्कनच्या, म्हणजे मुख्य अधिकाऱ्याच्या, नावाने ओळखलं जाई. त्यामुळे त्यांचं एक वर्ष आपल्या दोन सालांत विभागलं जातं. शके १५९६ म्हणजे इ.स. १६७४-७५ लिहावं लागतं, तसंच हे. लढाईचा महिना माहीत असेल तर एकच साल लिहा. नसेल तर दोन्ही राहू द्या.

तीनशे, आणि बावन्न लाख

थर्मोपिलीवर स्पार्टाचे ३०० होते, हे खरं. तिथे तेवढेच होते, हे खोटं. हेरोडोटस शहरवार यादी देतो: टेजियाचे ५००, मँटिनीयाचे ५००, कॉरिंथचे ४००, फोकिसचे १०००, मायसीनीसारख्या छोट्या गावाचेसुद्धा ८०. बेरीज पाच हजारांच्या वर जाते. स्पार्टाचा राजा लिओनायडस याने शेवटच्या दिवशी बाकीच्यांना परत पाठवलं, तेव्हा थेस्पियाचे ७०० मागे राहिले आणि मेले. छोट्या थेस्पियासाठी हे लढण्याजोगे जवळजवळ सगळेच पुरुष होते. नंतर झर्क्सीसने ते गाव जाळलं. थेस्पियाचं नाव न घेता या लढाईवर लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय स्पार्टन सैनिकांबरोबर त्यांचे हेलट, म्हणजे त्यांच्या जमिनी कसणारे गुलाम, हेही तिथेच मेले. त्याच वेळी जवळच आर्टेमिसियमच्या समुद्रात आरमाराची लढाई चालू होती, तीही विसरली जाते.

आता पर्शियन सैन्याचा आकडा. हेरोडोटस एकूण ५२ लाख ८३ हजार २२० सांगतो. इतका नेमका आकडा बघून वाचक फसतो. तो आला कसा ते तोच सांगतो. वाटेवरच्या डोरिस्कसला दहा हजार माणसं दाटीने उभी केली, भोवती रेघ आखली, रेघेवर कमरेइतकं कुंपण घातलं. मग त्या कुंपणात सैन्य भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. पायदळ १७ लाख भरलं, म्हणजे कुंपण १७० वेळा भरलं गेलं. पुढे जहाजांवरची माणसं धरली, प्रत्येक युद्धनौकेवर २०० या हिशेबाने. वाटेत सामील झालेले मिळवले. २६ लाख ४१ हजार ६१० झाले. आणि नोकरचाकर, रसदवाले तितकेच असतील म्हणून सरळ दुप्पट केली. आकड्यातला शेवटचा ‘२२०’ हा गुणाकारातून आलेला आहे, कोणी मोजलेला नाही. आजचे इतिहासकार साधारण एक ते दोन लाखांच्या आसपास थांबतात, कारण त्याहून मोठ्या फौजेला त्या वाटेवर पाणी पुरलं नसतं.

दोन पुस्तकांत आकडे जुळत नसतील तर सरासरी काढू नका. कुठला आकडा हेरोडोटसचा आणि कुठला आजच्या अंदाजाचा, ते वेगवेगळं लिहा.

आणि तिथे जाणार असाल तर ‘डोंगर आणि समुद्र यांमधली चिंचोळी वाट’ शोधत बसू नका. स्पर्खियोस नदीच्या गाळाने किनारा काही किलोमीटर पुढे सरकला आहे.

मॅरेथॉनची धाव

‘विजय झाला’ म्हणून प्राण सोडणारा धावपटू हेरोडोटसमध्ये नाही. त्याचा फिडिपिडीस लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाला, सुमारे २४० किलोमीटर, मदत मागायला धावतो आणि दुसऱ्या दिवशी पोचतो. पौर्णिमेपर्यंत निघता येणार नाही, असं उत्तर त्याला मिळतं. मरण्याची कथा पाच-सहाशे वर्षांनंतरच्या प्लुटार्क आणि ल्युशियन या लेखकांमध्ये येते, आणि त्यांच्यात धावपटूच्या नावावरही एकमत नाही. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर तर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकचं आहे.

अथेन्सच्या लोकशाहीत आजची लोकशाही बघणं

एक टोक म्हणजे ‘जगाला लोकशाही देणारं अथेन्स’ म्हणून भारावून जाणं. दुसरं टोक म्हणजे स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी बाहेर होते म्हणून सगळं ढोंग ठरवणं. दोन्हींत ती यंत्रणा चालायची कशी, हे बघायचं राहून जातं.

सुरुवात सोलोनच्या (इ.स.पू. ५९४; यापुढची सालंही इ.स.पू.चीच) नावावर टाकू नका. सोलोनने कर्जापायी गुलाम होणं थांबवलं आणि अधिकार जन्माऐवजी उत्पन्नाला जोडले. लोकशाहीची घडी क्लाइस्थेनीसने ५०८/७ मध्ये बसवली: दहा नव्या टोळ्या, म्हणजे नागरिकांचे विभाग, आणि ५०० जणांचं मंडळ. मंडळावरची नेमणूक आणि बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरली जात. निवडणूक होई ती प्रामुख्याने दहा सेनापतींची, कारण युद्ध नशिबावर सोडून चालत नाही. पेरिक्लीस ‘राष्ट्राध्यक्ष’ नव्हता. तो या दहांपैकी एक होता आणि दरवर्षी निवडून येत होता. ४३० मध्ये लोकांनी त्याला पदावरून काढून दंडही केला, आणि थोड्याच काळात पुन्हा निवडून दिलं. त्यानेच ४५१ मध्ये आईवडील दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असा कायदा करून घेतला होता. पुढे अस्पेशिया या परक्या जोडीदारापासून झालेल्या स्वतःच्या मुलासाठी त्याला त्यातून सूट मागावी लागली. ती मिळाली. तो मुलगा सेनापती झाला आणि ४०६ मध्ये आर्जिनुसीची लढाई जिंकूनही, बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून, इतर पाच सेनापतींबरोबर नागरिकांच्या सभेच्या मताने मारला गेला.

खापरावर नाव लिहून हद्दपार करण्याची पद्धत, ऑस्ट्रसिझम, ही शिक्षा समजली जाते. तसं नव्हतं. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ता जप्त नाही. दहा वर्षं शहराबाहेर राहायचं, मग परत यायचं. पण ती भाबडी होती असंही नाही. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचं नाव कोरलेली सुमारे १९० खापरं सापडली. अक्षर तपासल्यावर ती जेमतेम १४ जणांच्या हातची निघाली. म्हणजे कोणीतरी गट करून आधीच लिहून ठेवली होती, मतदाराच्या हाती द्यायला. सॅलमिस जिंकून देणाऱ्या माणसाविरुद्ध हा संघटित प्रचार होता, आणि तो मातीच्या तुकड्यांवर आपल्या डोळ्यांसमोर आहे. लोकशाहीच्या व्याख्येपेक्षा ही विहीर मला जास्त शिकवते.

साखळदंडातले वल्हेकरी

सिनेमामुळे रुजलेली चूक. अथेन्सच्या युद्धनौकेवर, ट्रायरीमवर, १७० वल्हेकरी असत. ते बव्हंशी मजुरी घेणारे मोकळे लोक होते: गरीब नागरिक, शहरात राहणारे परके, बाहेरून भाड्याने आलेले. काही गुलामही असत, पण चाबकाखाली बांधलेली टोळी नव्हे. हे समजलं नाही तर राजकारणही समजत नाही. चिलखत विकत घेऊ न शकणारा माणूस वल्ह्यावर बसून शहर वाचवू लागला, तेव्हा सभेत त्याचं वजन वाढलं. लोकशाहीच्या विरोधकांनीसुद्धा हे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलं आहे.

स्पार्टाबद्दल स्पार्टाबाहेरच्यांचं ऐकणं

स्पार्टाबद्दल आपण जे वाचतो ते जवळपास सगळं बाहेरच्यांनी लिहिलेलं आहे. कोणी कौतुकाने, कोणी धसक्याने. कमजोर बाळं टाकून देण्याची गोष्ट प्लुटार्कची, म्हणजे लिओनायडसनंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. स्पार्टाचे कायदे घालून देणारा मानल्या जाणाऱ्या लायकर्गसबद्दल निर्विवाद असं काहीच सांगता येत नाही, हे खुद्द प्लुटार्कच आरंभी मान्य करतो.

त्यापेक्षा आकड्यांचा माग काढा. हेरोडोटसच्या मते ४८० मध्ये पूर्ण नागरिक असलेले स्पार्टन ८००० होते. पर्शियनांविरुद्ध प्लॅटियाच्या लढाईला ५००० स्पार्टन गेले, आणि त्यांच्याबरोबर ३५,००० हेलट. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत उतरलेले नागरिक ७००, त्यातले ४०० एपॅमिनॉन्डसच्या थीबन फौजेपुढे पडले. स्पार्टाच्या ताब्यातल्या मेसेनियाचे हेलट सुटले, तिथे नवं शहर उभं राहिलं आणि स्पार्टाचं मोठेपण संपलं. ‘अजिंक्य स्पार्टा’ लिहिण्यापूर्वी ४२५ चं स्फॅक्टेरिया बेटही आठवा. तिथे स्पार्टाच्या बाजूचे २९२ जण हलक्या शस्त्रांच्या सैनिकांना शरण आले होते.

पेलोपोनेशियन युद्ध एकसलग लिहिणं

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातला ४३१ ते ४०४ हा एक अखंड संग्राम नव्हता. दहा वर्षांची लढाई, ४२१ चा निकियासचा तह, ४१५-४१३ ची सिसिलीची मोहीम, आणि मग पर्शियाच्या पैशावर उभं राहिलेलं स्पार्टाचं आरमार, असे त्याचे तुकडे आहेत. पर्शियाचा पैसा वगळला तर स्पार्टा समुद्रावर कसा जिंकला, हे सांगताच येत नाही.

थ्युसिडिडीसचा इतिहास ४११ मध्ये अर्धवट थांबतो. पुढचं झेनोफन या दुसऱ्या इतिहासकाराकडून घ्यावं लागतं, तेव्हा ‘थ्युसिडिडीस म्हणतो’ असं लिहून अथेन्सच्या शरणागतीचं वर्णन देऊ नका. त्याच्यातली भाषणंही शब्दशः नाहीत; प्रसंगी काय बोलणं योग्य होतं ते धरून, मूळ आशयाच्या शक्य तितकं जवळ राहून लिहिली, असं तो स्वतः सांगतो. पेरिक्लीसच्या तोंडची वाक्यं अवतरणचिन्हात घालताना हे लक्षात असू द्या.

एकाच नावाचे दोघं

सेनापती डेमोस्थेनीस ४१३ मध्ये सिसिलीत मारला गेला; मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध बोलणारा वक्ता डेमोस्थेनीस ३२२ मध्ये मेला. पेरिक्लीसचा राजकीय विरोधक थ्युसिडिडीस आणि इतिहासकार थ्युसिडिडीस हेही वेगळे. पॉसेनियस तर तीन: प्लॅटियाचा सेनानी, नंतरचा एक राजा, आणि रोमन काळातला प्रवासवर्णनकार. माहिती विचित्र वाटली तर आधी वडिलांचं नाव आणि साल तपासा, बहुतेक वेळा गाठ तिथेच सुटते.

अलेक्झांडर आणि आपल्याकडचे यवन

३३८ मध्ये कायरोनियाला फिलिपने अथेन्स आणि थीब्जला हरवलं, तिथे ग्रीकांचा इतिहास संपवायची सवय आहे. नगरराज्यं त्यानंतरही होती, आपसांत भांडत होती, तह करत होती. रोमनांनी कॉरिंथ उद्ध्वस्त केलं ते १४६ मध्ये.

महाराष्ट्रात एक चूक वारंवार भेटते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांची (ग्रीकांसाठी आपल्याकडचा जुना शब्द) दानं कोरलेली आहेत, जुन्नरला आणि नाशिकच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. त्यांचा धागा थेट अलेक्झांडरच्या फौजेशी जोडला जातो. अलेक्झांडर ३२६ मध्ये बियास नदीवरून मागे फिरला आणि सिंधूच्या मुखाकडून निघून गेला. दख्खनला त्याचा पाय लागला नाही. हे लेख त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी, सातवाहन-क्षत्रपांच्या काळात, पश्चिम किनाऱ्यावरचा सागरी व्यापार भरात असताना कोरले गेले. नाशिकच्या लेखातला इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दातामित्रीचा यवन म्हणवतो, वडिलांचं नाव धम्मदेव सांगतो आणि बौद्ध संघाला लेणं देतो. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्या लेखात जे आहे तेवढं पुरेसं आहे.