अमेरिकेत जॉब लागला आणि समोर युनियनचं कार्ड आलं, सही करायची का?

2019 मध्ये मी मिशिगनमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. ओरिएंटेशनच्या फोल्डरमध्ये पार्किंगचा फॉर्म, इन्शुरन्सचे कागद आणि मेंबर होण्यासाठीचं एक छोटं कार्ड, वर युनियनचं नाव, खाली सहीसाठी रेघ. शेजारची म्हणाली इथे राइट टू वर्क आहे, नको करूस सही, पैसे वाचतील. पलीकडचा मान हलवत हसला, बोलला काही नाही. मला ओ की ठो कळेना. नंतर जे कळत गेलं ते सांगते, कारण हल्ली आपल्यातले बरेच जण नर्सिंग, शाळा, युनिव्हर्सिटी, वेअरहाउस अशा ठिकाणी लागतात आणि तिथे हे कार्ड येतंच.

आधी नावाचा घोळ. राइट टू वर्क म्हणजे आपल्या रोजगार हमीसारखं ‘मागेल त्याला काम’ नाही, काम मिळण्याचा यात काही संबंधच नाही. आणि ‘कारण न देता कधीही काढू शकतात’ हेही ते नाही, त्याला अ‍ॅट-विल म्हणतात, ते माँटाना सोडून जवळजवळ सगळीकडेच आहे. राइट टू वर्क कायदा एवढंच म्हणतो की नोकरी टिकवायला युनियनला पैसे द्यायची सक्ती करता येणार नाही. 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना ही मुभा दिली आणि आज 26 राज्यांत असा कायदा आहे. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना त्यात, म्हणजे डॅलस-अटलांटा-शार्लटची मंडळी. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय नाहीत. आमच्या मिशिगनने 2012 मध्ये केला आणि 2023 मध्ये रद्द केला, ते लागू झालं फेब्रुवारी 2024 मध्ये. म्हणून जुन्या माणसांचा सल्ला ऐकताना तो कुठल्या वर्षीचा आहे ते विचारा.

आता कामाचं. पहिलं बघायचं ते मालक कोण. सरकारी नोकरी असेल, म्हणजे पब्लिक शाळा, राज्य, काउंटी, तर राज्य कुठलंही असो, सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या जेनस निकालानंतर मेंबर नसलेल्याकडून जबरदस्तीने एक डॉलरही घेता येत नाही. रेल्वे आणि एअरलाइनला वेगळा कायदा आहे, तिथे राज्याचा राइट टू वर्क चालतच नाही, त्यामुळे टेक्ससमध्ये राहूनही फी सक्तीची असू शकते (हे ऐकून माझ्या मावसभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता). बाकी खाजगी कंपनीत राज्याचा कायदा बघायचा.

दुसरं, युनियन आणि मालक यांच्यातलं काँट्रॅक्ट मागून घ्या. एचआर नाहीतर स्टूअर्डकडे, म्हणजे कामाच्या जागी असलेल्या युनियनच्या प्रतिनिधीकडे, पीडीएफ असते. त्यात ‘युनियन सिक्युरिटी’ नावाचं, म्हणजे फी सक्तीची करणारं, कलम शोधा. तुमच्या राज्यात सक्ती चालत असली तरी हे कलम काँट्रॅक्टमध्ये असलं तरच ती लागू होते, आणि नोकरी लागल्यावर साधारणपणे निदान 30 दिवसांची सवलत मिळते. आणि एक गोष्ट कार्ड देणारा सहसा सांगत नाही, सक्ती असली तरी ती पैशांची असते, मेंबर होण्याची नाही. 1988 च्या बेक निकालामुळे खाजगी नोकरीत मेंबर न होता लेखी हरकत घेता येते, मग राजकारणावरच्या खर्चाचा वाटा कापून फक्त वाटाघाटी आणि तक्रारी हाताळण्याच्या खर्चापुरती फी द्यायची. त्याबदल्यात काँट्रॅक्टवर मत देण्याचा आणि युनियनच्या निवडणुकीतला हक्क जातो, हे लक्षात ठेवा.

तिसरं, कार्डावरचं बारीक अक्षर, इथेच माणसं फसतात. बऱ्याच कार्डांत दोन सह्या असतात, एक मेंबरशिपची आणि एक पगारातून ड्यूज, म्हणजे युनियनची वर्गणी, कापायला परवानगीची. दुसरी सही वर्षभर मागे घेता येत नाही असं लिहिलेलं असू शकतं, आणि वर्ष संपताना मोजक्या दिवसांची खिडकी असते, त्यात पत्र गेलं नाही तर पुढचं वर्ष लागू. माझ्या ओळखीच्या एक ताई चार दिवसांनी चुकल्या, वर्षभर पे-स्लिप बघून चिडत होत्या. सही करायच्या आधी कार्डाचा फोटो काढा.

युनियन पैसे कशावर उडवते हेही बघता येतं, लेबर डिपार्टमेंटच्या साइटवर खाजगी क्षेत्रातल्या युनियन्सचे वार्षिक हिशोब असतात, मोठ्या युनियनचा एलएम-2 फॉर्म काढलात तर पदाधिकाऱ्यांचे पगारसुद्धा दिसतात. आमच्याचा मी वाचला, हॉटेलांचा खर्च बघून भुवया वर गेल्या, खोटं कशाला बोलू.

मग भांडण नक्की कशावरून? कामगारांच्या मतांनी युनियन निवडून आली की तिला त्या युनिटमधल्या, म्हणजे ती ज्या कामगारांच्या वतीने वाटाघाटी करते त्या गटातल्या, सगळ्यांसाठी बोलावं लागतं, पैसे न देणाऱ्यासाठीही, कायद्यानेच. युनियनवाले म्हणतात हे फुकटे आमच्या जिवावर पगारवाढ घेतात. समोरचे म्हणतात आम्ही तुम्हाला आमच्यासाठी बोला म्हटलंच नव्हतं, आणि आमच्या पैशाने आम्हाला नको त्या उमेदवाराचा प्रचार का. गिरणगावातल्या माणसाला हे पटकन कळेल, 1982 च्या संपात कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे आणि कायद्याची मान्यता मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. सगळ्यांच्या वतीने एकच जण बोलणार ठरलं की हा पेच येतोच, मुंबई असो की मिशिगन. आणि राइट टू वर्क आला की युनियन संपते हेही अर्धवट. नेवाडात तो कायदा असूनही लास वेगासच्या हॉटेलांतली कलिनरी युनियन जबरदस्त आहे, टेनेसीतही फोक्सवॅगनच्या कामगारांनी 2024 मध्ये युनियन आणली.

माझं सांगायचं तर पहिलं वर्ष मी सही केली नाही. मग एकदा दोन ट्यूबची लेबलं अदलाबदल झाली, चूक माझीच, आणि मला चौकशीला बोलावलं. अशा वेळी युनियनचा माणूस सोबत मागता येतो, मेंबर नसलात तरी, पण मागावा लागतो, आपोआप येत नाही. मी मागितला. स्टूअर्ड पिवळं पॅड घेऊन आली, पाऊण तास बसली, प्रत्येक प्रश्न लिहून घेतला, मेंबर आहेस का हे तिने एकदाही विचारलं नाही. वॉर्निंगवर भागलं. मला मेली लाज वाटली, पुढच्या आठवड्यात कार्ड भरलं. त्यांची इलेक्शनची पत्रकं अजूनही मी न वाचता टाकते.

व्हिसावर आहात म्हणून घाबरू नका, खाजगी नोकरीत युनियनचा कायदा तुम्हालाही लागू आहे, सुपरवायझर असाल तर मात्र नाही. आणि सही केलीत तर त्या खिडकीची तारीख लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन आठवडे आधीचा अलार्म लावून.