बोर्डिंग पासवर चार 'एस' आले तर

लेकीकडे न्यू जर्सीला पहिल्या तिन्ही वेळा गेले, तेव्हा मुंबईत माझ्या बोर्डिंग पासवर चार 'एस' छापून आले. पहिल्यांदा अर्थच कळला नाही. गेटपाशी मला एकटीला बाजूला घेतलं, चपला काढायला लावल्या, पर्समधलं सगळं टेबलावर ओतलं. राजारामपुरीत तीस वर्षं शाळेत शिकवलं, असं कुणी उभं केलं नव्हतं. रडू आलं.

हे चार 'एस' म्हणजे अमेरिकेला जाणाऱ्या विमानाआधीची जादा तपासणी. आपण गुन्हा केला, असा त्याचा अर्थ नाही. कारण कुणी सांगत नाही. कधी नाव असंच निवडलं जातं, कधी अमेरिकन सरकारच्या संशयितांच्या यादीतल्या दुसऱ्याच कुणाशी जुळतं. ऑनलाइन चेक-इन होईना, तर हे असू शकतं असं समजा आणि विमानतळावर चार तास आधी पोचा.

नाव आधी बघा. आपल्याकडे एका गल्लीत एकाच नावाच्या दोन बायका सापडतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावलं की वेगळेपण कळतं. तिकीट काढणारा नेमकं तेच गाळतो. पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, तिकिटावर घ्या. जन्मतारीखही तपासा.

हातावर आणि बॅगेवर कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांचे कण शोधतात. खतातलं नायट्रेट किंवा क्रीममधलं ग्लिसरीनही त्यात लागू शकतं. म्हणून उसाच्या रानात वापरलेल्या चपला, पिशव्या प्रवासात नकोत, आणि त्या दिवशी हाताला क्रीमही नको. फोन चार्ज ठेवा, चालू करून दाखवायला सांगतात. कांदा-लसूण चटणी चेक-इन बॅगेतच भरा. 350 मिलीपेक्षा जास्त भुकटी हातातल्या बॅगेत असली की तीही वेगळी तपासतात. गुळाची ढेपही खालीच जाऊ दे, एक्स-रेत घट्ट गोळा दिसला की बॅग उघडतातच.

पुन्हा पुन्हा होत असेल तर अमेरिकन सरकारच्या 'डीएचएस ट्रिप' या तक्रार-निवारणाच्या सोयीत ऑनलाइन अर्ज करा. ती 2007 पासून आहे, पैसे लागत नाहीत. पासपोर्टची प्रत जोडायची, घडलेल्या प्रवासांच्या तारखा लिहायच्या. माझा अर्ज लेकीनं फोनवर विचारून विचारून भरला. यादीत नाव होतं का, ते सांगत नाहीत; सात आकडी रिड्रेस नंबर, म्हणजे तक्रार-निवारणाचा क्रमांक, मात्र मिळतो. तपासणी कायमची थांबेल अशी हमी नाही, पण नावाचा घोळ असेल तर फरक पडतो. चौथ्या वेळी माझ्या पासवर चार 'एस' नव्हते. तो नंबर मी पासपोर्टच्या कव्हरात चिठ्ठीवर लिहून ठेवलाय, कारण तिकीट काढताना तो दर वेळी टाकावा लागतो.