इम्पीरियल स्टाउटचं किट दाट करायचं तर

शिकागोच्या थंडीत आमचं तळघर आपोआप १७-१८ अंशांवर राहतं, म्हणून इम्पीरियल स्टाउटचं, म्हणजे कडक काळ्या बिअरचं, घरी बिअर करायचं किट मी डिसेंबरातच उघडतो. ५ गॅलनचं, म्हणजे १९ लिटरचं. आत काकवीसारखा काळा माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा आटवलेला गोड अर्क), भरडलेल्या धान्याची पिशवी, हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) आणि यीस्टचं एक पाकीट. कागदावर लिहिल्याबरहुकूम केली तर बिअर चांगली होते, पण जिभेवर थांबत नाही. पहिल्या वर्षी यावर उपाय म्हणून मी तिच्यात कॉफी, कोको, व्हॅनिला आणि ओक, सगळंच टाकलं. पातळ ती पातळच राहिली, वर वास अत्तराच्या दुकानाचा. तेव्हापासून आधी बिअरला अंग, म्हणजे जिभेवरचा दाटपणा, येऊ द्यायचं आणि वरून घालायची ती एकच गोष्ट, असं ठरवून टाकलंय.

(भारतात वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरी बिअर करायला संघीय करमाफी मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.)

अंग येतं ओट्समुळे. पण ओट्स नुसते गरम पाण्यात भिजवले की स्टार्च सुटून खळ तयार होते. त्याची साखर करायला माल्टमधली एन्झाइम्स लागतात. म्हणून ४५० ग्रॅम ओट्स, ४५० ग्रॅम भरडलेलं पेल माल्ट, २२५ ग्रॅम गडद क्रिस्टल माल्ट आणि किटमधलं धान्य असं सगळं एका मोठ्या जाळीदार पिशवीत घाला. साधारण ६ लिटर पाण्यात ही पिशवी तासभर ६७ अंशांवर ठेवायची. मी पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवतो, आई दही लावायची तसं. मग पिशवी वर उचलून निथळू द्या. पाणी ७७ अंशांच्या वर गेलं तर सालींचा तुरटपणा उतरतो.

दाट हवी म्हणून जास्त काळं धान्य घालायचा मोह होतो. तो आवरा. मी कोल्हापूरचा आहे, कांदा-खोबरं किती भाजायचं आणि कुठे थांबायचं हे मला तांबड्या रश्श्याने शिकवलं. करपलं की रस्सा कडू होतो, दाट होत नाही. किटमध्ये भाजलेलं बार्ली आणि चॉकलेट माल्ट (चॉकलेटच्या रंगाइतकं भाजलेलं माल्ट) पुरेसं असतं.

पिशवी काढलेल्या पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून किटमधला एक्स्ट्रॅक्ट आणि वर ४५० ग्रॅम कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट ढवळून मिसळा. गॅस चालू ठेवलात तर बुडाला लागतो. गोडी वाढली म्हणून कडूपणाही वाढवायला हवा. गॅस परत लावून किटच्या हॉप्सबरोबर १४ ग्रॅम मॅग्नम जातीचे हॉप्स पूर्ण ६० मिनिटं उकळा. शेवटच्या १० मिनिटांत २५० ग्रॅम काकवी. इथले लोक मोलॅसिस घालतात, पण मला तिची लोखंडी चव नको वाटते. डेव्हन अव्हेन्यूवर, शिकागोतल्या देशी बाजारात, काकवी मिळाली नाही तर काळपट गूळ घ्या. प्रमाण मात्र वाढवू नका. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं आणि अंग उलट हलकं होतं.

गार करून बादलीत ओतून १९ लिटरपर्यंत पाणी भरलं की हायड्रोमीटर (साखरेमुळे आलेली घनता मोजणारी नळी) १.०९५ च्या आसपास यायला हवा. एका वर्षी मला १.०६० दिसलं आणि मी घाबरून आणखी एक्स्ट्रॅक्ट आणायला निघालो होतो. पाक खाली आणि पाणी वर राहिलं होतं, एवढंच. आधी जोरात ढवळा, मग मोजा.

यीस्टचं एक पाकीट इतक्या साखरेला पुरत नाही. यूएस-०५ या यीस्टची ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं घाला, आणि त्याआधी बादली चांगली हलवून हवा मिसळा. झाकणाला साधा एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी छोटी नळी) लावू नका. जाड नळी लावून तिचं दुसरं टोक जंतुनाशक पाण्याच्या बरणीत सोडा. मी एकदा आळस केला. दुसऱ्या रात्री फेसाने एअरलॉक तुंबला आणि झाकण उडालं. छतावरचे डाग बायको अजून पाहुण्यांना दाखवते.

तीन आठवड्यांनी हायड्रोमीटरचा आकडा १.०२८ च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस हलला नाही की काम झालं. अल्कोहोल साधारण पावणेनऊ टक्के.

आता ती एकच गोष्ट. मी ओक घेतो, कारण बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, ओकच्या पिंपात स्टाउट मुरवण्यासाठी गूज आयलंड या बिअर कंपनीने नाव कमावलं ते याच शहरात. ४५ ग्रॅम अमेरिकन ओकचे तुकडे १५० मिलिलिटर बर्बनमध्ये दोन आठवडे बुडवून ठेवायचे, मग बिअर दुसऱ्या भांड्यात काढून तिच्यात बर्बनसकट घालायचे. दर आठवड्याला घोटभर चाखा. लाकूड पुढे यायला लागलं की त्याच दिवशी बाटल्या भरा. मला चार आठवडे लागतात. कोको आवडत असेल तर ओक वगळून १२० ग्रॅम कोकोचे तुकडे, आठवडाभर.

बाटल्या भरताना बिअरमध्ये ९५ ग्रॅम डेक्स्ट्रोज (ग्लुकोज साखर) आणि थोडं ताजं यीस्ट घाला. जुनं यीस्ट एव्हाना दमलेलं असतं, गॅस धरत नाही. नंतर सहा महिने हात लावायचा नाही. आमची पहिली बाटली दिवाळीत उघडते, फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवल्यावर. सोबत चकली.